नवलकोल शुगरला चालतो का?



आजची नोंद नवलकोलाची. रोपं, लागण, खत यावर मागं लिहून झालंय, आज खाण्याबद्दल लिहितो. दोन हंगाम झाले, आठवड्यातून तीन दिवस सकाळी शाहूपुरीत एका गल्लीच्या तोंडाला मी दोन-तीन क्रेट मांडून बसतो. तिथं भाव विचारायच्या आधी गिऱ्हाईक एकच विचारतंय, "काय ओ, हे शुगरला चालतं काय?"

शाहूपुरी म्हणजे राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली गुळाच्या व्यापारासाठी वसवलेली पेठ. आमच्या आज्याच्या काळात बैलगाडीतनं गुळाच्या ढेपा इथं उतरायच्या. पुढं गुळाचा मोठा व्यवहार मार्केट यार्डात गेला. आता त्याच पेठेत लोक पिशवी घेऊन उभं राहतात आणि गोड नसलेलं काय आहे ते विचारतात. काळ बदलला म्हणायचं.

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मोबाईलवर एक मेसेज फिरतोय. रोज उपाशीपोटी नवलकोलाचा रस घ्या, चाळीस दिवसांत शुगर मुळासकट जाते, थायरॉईड जातो, कॅन्सर जवळ येत नाही, असं त्यात आहे. खाली कुणाचं नाव नाही, गाव नाही. तो मेसेज वाचून नोकरीतनं निवृत्त झालेले एक काका माझ्याकडनं रोज दोन गड्डे न्यायला लागले. आठव्या-नवव्या दिवशी म्हणाले, "आता गोळी बंद करून बघावं म्हणतोय." मी हातातली पिशवी तशीच धरली. म्हटलं, "काका, गोळी डॉक्टरनं दिलीय, ती बंद करायची का नाही ते डॉक्टरच सांगणार. मी भाजीवाला आहे."

त्याच आठवड्यात शेजारी बसणारा एक शेतकरी मला म्हणाला, "अण्णा, तू येडा हाईस. शुगर, कॅन्सर, थायरॉईडवर गुणकारी असा फळा लाव. दुप्पट भाव घे. कोण विचारतंय?"

विचारायला कोणी येत नाही हे खरं आहे. पण आपण जरा उलटं बघूया. औषधाच्या दुकानात आपण टॉनिकची बाटली उचलतो, तिच्यावर फूट वाढते, कळी वाढते, वजन वाढतं, रोग येत नाही असं सगळं एकदम लिहिलेलं असतं. फवारून झाल्यावर पानावर काहीच फरक दिसत नाही, तेव्हा आपण काय म्हणतो? लुटलं म्हणतो. मग तेच आपण शाहूपुरीतल्या काकांशी करायचं का? टॉनिकनं फार तर पैसे जातात. गोळी बंद केली तर माणसाचा डोळा जातो, किडनी जाते, पायाची जखम भरत नाही.

म्हणून नवलकोलात काय आहे आणि काय नाही, हे आपल्याला माहीत पाहिजे. पिकवणाऱ्याला हे माहीत नसलं तर मेसेज पाठवणारा सांगेल तेच खरं ठरतं. मी दहावी पास माणूस. अन्नघटकांचे तक्ते बघून, कळलं नाही ते कृषी महाविद्यालयात शिकणाऱ्या पुतण्याकडनं समजून घेऊन हे लिहितोय.

पहिलं म्हणजे हे आहे काय. बरेच जण याला कंद म्हणतात, मुळा-बिटाच्या ओळीत बसवतात. पण गड्डा जमिनीच्या वर असतो हे आपण रोज बघतो. ते फुगलेलं खोड आहे. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली आणि नवलकोल ही वनस्पतीच्या हिशेबानं एकच जात. माणसानं कोबीत पानं धरली, फ्लॉवरात गेंद धरला, नवलकोलात खोड धरलं. म्हणून याच्यावर कीडही कोबीचीच येते आणि खाण्यातले गुणही बरेचसे कोबीच्या घरातलेच आहेत.

नावाची पण एक गंमत आहे. इंग्रजांच्या काळात याला नोल-कोल म्हणायचे, तो शब्द डच लोकांकडनं आला असं सांगतात. आपल्याकडं त्याचा नवलकोल झाला. निपाणी-चिकोडीकडच्या एक बाई माझ्याकडं येतात, त्या कन्नडमध्ये नविलुकोसू म्हणतात. नविलु म्हणजे मोर, कोसू म्हणजे कोबी. गड्ड्यावर पानाचा पिसारा उभा असतो, त्यामुळं मला ते नाव लई आवडलं.

आता आकडे. हे १०० ग्रॅम कच्च्या, सोललेल्या नवलकोलाचे आहेत. जात, जमीन, ताजेपणा यावर थोडं कमी-जास्त होतं.

पाणी सुमारे ९१ ग्रॅम. ऊर्जा २७ किलोकॅलरी. कर्बोदकं ६ ग्रॅमच्या आसपास, त्यातच तंतू म्हणजे चोथा साडेतीन ग्रॅमच्या वर. प्रथिनं पावणेदोन ग्रॅम. क जीवनसत्त्व सुमारे ६२ मिलिग्रॅम. पोटॅशियम ३५० मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ केळ्याइतकं. कॅल्शियम २४ मिलिग्रॅम. लोह ०.४ मिलिग्रॅम.

यातला मोठा आकडा क जीवनसत्त्वाचा. संत्र्यात १०० ग्रॅमला ते ५० ते ५५ मिलिग्रॅम असतं. आपल्या देशाच्या पोषण संस्थेनं २०२० मध्ये दिलेल्या शिफारशीत दिवसाला पुरुषाला ८० आणि बाईमाणसाला ६५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व धरलंय. म्हणजे टेनिस बॉलएवढा एक ताजा गड्डा सोलून कच्चा खाल्ला तर एका माणसाची दिवसाची गरज त्यातनं भागते. थंडीत संत्र्याचा भाव काय असतो आणि नवलकोलाचा काय असतो, ते तुम्हाला माहीत आहे. गरिबाच्या ताटात क जीवनसत्त्व आणणारं पीक म्हणून याच्याकडं बघायला पाहिजे. पण ही गोष्ट त्या मेसेजमध्ये कुठंच नाही. जे नाही ते लिहिलंय आणि जे आहे ते सोडलंय.

आता लोह. "हे खाल्ल्यावर रक्त वाढतं का?" हा दुसरा प्रश्न, तो जास्त करून बायका विचारतात. सरळ उत्तर नाही असं आहे. मोठ्या बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं असं ती संस्थाच सांगते. नवलकोलात १०० ग्रॅमला अर्धा मिलिग्रॅमसुद्धा नाही. किलोभर खाल्ला तरी ४ मिलिग्रॅम.

पण इथं एक दुसरी वाट आहे. ज्वारी, बाजरी, कडधान्य, पालेभाजी यातलं लोह आपल्या अंगाला सहज लागत नाही. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असलं की ते जास्त शोषलं जातं. म्हणजे नवलकोलाचं काम लोह देण्याचं नाही, भाकरी-उसळीतलं लोह अंगी लावायचं आहे. शेतातलं उदाहरण देतो. जमिनीत स्फुरद भरपूर असतो, पण तो पिकाला मिळत नाही, म्हणून आपण तो विरघळवणारे जिवाणू सोडतो. जिवाणू स्वतः स्फुरद आणत नाहीत, असलेला मोकळा करतात. तसंच हे.

हे मी घरात बघितलंय. आमची सूनबाई गरोदर होती तेव्हा तपासणीत हिमोग्लोबिन ९.४ आलं. गरोदरपणात ११ च्या खाली असलं की रक्त कमी म्हणतात. घरात सगळ्यांच्या पोटात गोळा आला. कुणी बीट म्हणालं, कुणी खजूर, कुणी नवलकोलाचा रस म्हणालं. सिस्टरबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या, रोज एक. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह. त्यांनी दोनच गोष्टी बजावल्या: गोळी चुकवायची नाही आणि जेवणाला-गोळीला लागून चहा घ्यायचा नाही. चहानं लोह अडतं. आमच्या घरात जेवण झालं की चहाचं आधण चढतंच, ते तेवढं तासा-दीड तासानं ढकललं. दुपारच्या ताटात बाजरीची भाकरी, मटकीची उसळ आणि वर लिंबू पिळलेली नवलकोलाची कोशिंबीर. तीन महिन्यांनी आकडा ११.२ आला. बाळ-बाळंतीण सुखरूप. ते श्रेय मी गोळ्यांना देतो. कोशिंबिरीनं हातभार लावला असेल, पण किती, ते मोजायला माझ्याकडं काटा नाही. आणि एका घरावरनं शंभर घरांना औषध सांगायचं नसतं.

हे एवढ्यासाठी लिहिलं की २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. यातल्या कितीतरी आपल्याच घरातल्या. दिवसभर भांगलण करून शेवटी उरलंसुरलं खाणाऱ्या. आपण भाजी बाजारात पाठवतो आणि घरात मागं राहिलेली वाकडी-तिकडी शिजवतो. पहिल्या तोड्यातले चार चांगले गड्डे घरात राहू द्या, एवढं माझं म्हणणं आहे.

आता मूळ प्रश्न. शुगरला चालतो का? चालतो, चांगला चालतो. बटाट्यात १०० ग्रॅमला कर्बोदकं १७ ग्रॅम आणि तंतू २ ग्रॅमच्या आसपास. नवलकोलात कर्बोदकं ६, त्यातली निम्म्याहून जास्त तंतूच. म्हणून बटाट्याच्या जागी नवलकोल आला तर रक्तातली साखर झपाट्यानं चढत नाही, आणि चोथ्यामुळं पोट भरल्यासारखं राहतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला निदान २५ ग्रॅम तंतू आणि ४०० ग्रॅम भाजी-फळं खायला सांगते. त्यात याची भर चांगली पडते.

पण "जागी" हा शब्द महत्त्वाचा. ५० ग्रॅम पिठाच्या एका ज्वारीच्या भाकरीत ३५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. तीन भाकरी, वर भात, त्यावर बटाट्याची भाजी आणि शेवटी औषध म्हणून ग्लासभर नवलकोलाचा रस, असं केलं तर साखर कुठं कमी होणार? शिवाय रस गाळला की चोथाच फेकला जातो, आणि शुगरवाल्याला उपयोगी तोच चोथा. त्यापेक्षा एक भाकरी कमी करून वाटीभर भाजी वाढवा. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्या माणसानं एकदम खाणं तोडायचं नाही. साखर खाली गेली तर चक्कर येऊन पडायची वेळ येते. डॉक्टरला सांगून बदल करायचा. शुगर मुळासकट घालवणारी भाजी नसते. साखर ताब्यात ठेवायला मदत करणाऱ्या भाज्या असतात, त्यातली ही एक.

कॅन्सरचं म्हणाल तर त्या दाव्याला धागा कुठला ते सांगतो. कोबी-मोहरीच्या कुळात ग्लुकोसिनोलेट नावाचे गंधकाचे पदार्थ असतात. कोबी शिजताना जो वास सुटतो तो त्यांचाच. भाजी चिरली की त्यातलं एक विकर कामाला लागतं आणि वेगळे तिखटसर पदार्थ तयार होतात. त्यांच्यावर जगभर अभ्यास झालाय, अजून चालू आहे. पण प्रयोगशाळेत काही दिसणं आणि माणसाचा रोग जाणं यात फार अंतर आहे. शास्त्रज्ञ स्वतः "नवलकोल खाल्ला की कॅन्सर होत नाही" असं म्हणत नाहीत. मग आपण फळ्यावर कशाच्या जोरावर लिहायचं?

थायरॉईडचं तर उलट आहे. याच गंधकाच्या पदार्थांपैकी काही थायरॉईड ग्रंथीला आयोडीन घेताना अडथळा करतात. आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्यानं आठवड्यातनं दोन-तीनदा भाजी खाल्ली तर घाबरायचं कारण नाही, आणि शिजवल्यावर तो दोष बराच कमी होतो. पण थायरॉईडचा त्रास असलेल्या माणसानं रोज उपाशीपोटी ग्लासभर कच्चा रस घेणं हे काही शहाणपणाचं नाही. मेसेजमध्ये नेमकं तेच करायला सांगितलंय.

अजून दोन माणसांनी जपायचं. किडनीच्या आजारात डॉक्टरनं पोटॅशियम कमी करायला सांगितलं असेल तर आधी विचारायचं. भाजी उकडून पाणी टाकून दिलं की पोटॅशियम कमी होतं, पण किती खायचं ते डॉक्टरच ठरवणार. आणि हृदयासाठी रक्त पातळ करायची वॉरफरिन नावाची गोळी ज्यांना चालू आहे, त्यांनी पाला जपून खायचा. हिरव्या पानात के जीवनसत्त्व भरपूर असतं, ते त्या गोळीच्या विरुद्ध काम करतं. एकदम जास्त किंवा एकदम बंद असं करायचं नाही. कच्च्या नवलकोलानं काहींना पोटात वायू धरतो, त्यांनी शिजवून खावा.

पाल्याचा विषय निघालाच आहे. आपल्याकडं पाला बहुतेक म्हशीच्या गव्हाणीत जातो. काश्मिरात नवलकोलाला मोंज म्हणतात आणि तिथं गड्डा आणि पानं एकत्र शिजवतात. तिथल्या रोजच्या जेवणातली ती भाजी आहे. कॅल्शियम आणि डोळ्याला लागणारं अ जीवनसत्त्व ज्यापासून बनतं ते घटक, यात पाला गड्ड्याच्या पुढं आहे. वरची कोवळी चार-पाच पानं घ्यायची, शिरा काढायच्या आणि मेथीसारखी लसूण-मिरची-डाळ घालून परतायची. जून पानं म्हशीलाच द्या.

मात्र पाला माणसाला खायला द्यायचा म्हटलं की फवारणीचा हिशेब बदलतो. गड्डा सोलला जातो, पान सोलता येत नाही. मावा आणि चौकोनी ठिपक्याचा पतंग या दोघांसाठी मी लागणीपासनंच तयारी ठेवतो. कडेनं मोहरीची ओळ सापळा म्हणून, पिवळे चिकट सापळे, निंबोळी अर्क ५ टक्के, अळी दिसली की बीटी. रासायनिक औषध मारायची वेळ आलीच तर लेबलवर फवारणीनंतर काढणीला किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं, तेवढे दिवस त्या ओळीतला माल काढायचा नाही. भाव कितीही असू दे. पाणीपण बघायला लागतं. कच्चं खायचं पीक आहे. पंचगंगेच्या पाण्यावरनं कोल्हापुरात किती वर्षं ओरड चाललीय ते मी सांगायला नको. माझा नवलकोल विहिरीवर आहे, आणि कच्चं शेणखत उभ्या पिकात मी घालत नाही.

आता वेळ. यातलं पोषण आणि चव दोन्ही काढणीच्या आठवड्यावर अवलंबून आहेत. गड्डा ५ ते ७ सेंटिमीटरचा झाला की काढायचा. कोल्हापूर फुटबॉलचं गाव असलं तरी नवलकोल फुटबॉलएवढा करायचा नाही, टेनिस बॉलवर थांबायचं. पुढं खोडात लाकूड धरायला लागतं, बुडाकडनं दोरे तयार होतात. पाण्याचा ताण पडून मग एकदम भरपूर पाणी मिळालं तर गड्डा तडकतो. लाकूड झालेला गड्डा वजनात भरतो, पण घरात निम्मा सालीबरोबर जातो आणि उरलेला मऊ होईपर्यंत उकळायला लागतो. जास्त उकळला की क जीवनसत्त्व गेलं. म्हणजे वजनासाठी आपण आठ दिवस थांबतो आणि ज्यासाठी लोक घेतात तेच घालवतो. शिवाय ज्याला एकदा दोरे लागले ते गिऱ्हाईक वर्षभर नवलकोलाला हात लावत नाही. घाऊक बाजारात मोठ्या मालाला पसंती असते हे मलाही माहीत आहे, तिथं वजनच बोलतं. म्हणूनच मी थोडा माल हातविक्रीला ठेवतो.

माझी पद्धत अशी. पूर्वहंगामी उसात साडेचार फुटी सरी, वरंब्याच्या दोन्ही बगलांना वीतभर अंतरानं रोप. गुंठ्याला साधारण साडेसहाशे रोपं बसतात. व्हाइट व्हिएन्ना ही हिरवट-पांढरी जात. सगळी रोपं एकदम लावत नाही, बारा-बारा दिवसांनी तीन टप्प्यांत लावतो. रोप लावल्यापासनं ४५ ते ५५ दिवसांत गड्डा येतो आणि ऊस सावली धरायच्या आत रान मोकळं होतं. टप्प्यानं लावल्यामुळं कोवळा माल सव्वा महिना पुरतो. काढल्यावर पाला गड्ड्याला ठेवला तर तो गड्ड्यातलं पाणी ओढतो. म्हणून पाला देठासकट कापून वेगळी पेंडी बांधतो.

जांभळ्या जातीबद्दल बरेच जण विचारतात. दिसायला देखणी आहे. पण जांभळा रंग सालीतच असतो, आतला गर पांढराच. साल काढून टाकली की रंगाबरोबर त्यातला जादा गुणही गेला. लावायची तर लावा, शहरात दिसण्यावर खपते. पण आरोग्याच्या नावाखाली गरासाठी दुप्पट पैसे घेऊ नका.

स्वयंपाकाचं आमच्या घरातलं मत सांगतो. बुडाकडनं सोलायला सुरुवात करायची, दोरे आपोआप निघतात. कोशिंबिरीला ऐनवेळी किसायचा, किसून दोन तास ठेवायचा नाही. वर शेंगदाण्याचं कूट, लिंबू, कोथिंबीर, मिरचीची फोडणी. भाजी करायची तर भिजवलेली हरभऱ्याची डाळ घालून, झाकण ठेवून, थोड्या पाण्यात, आणि ते पाणी फेकायचं नाही. रस्सा करायचा तर कांदा-लसूण चटणी आहेच, आपण कोल्हापूरचे आहोत. फक्त तेलाचा तवंग वाटीभर आणि नवलकोलाच्या फोडी चार, असं करून त्याला आरोग्याची भाजी म्हणू नका.

फळ्याचं शेवटी असं झालं. पुतण्याकडनं एक पाटी लिहून घेतली, ती आता क्रेटला टेकवलेली असते: "कोवळा नवलकोल. क जीवनसत्त्व भरपूर, चोथा भरपूर, साखर कमी. बटाट्याच्या जागी खा. औषध नाही, गोळी बंद करू नका." शेजारचा शेतकरी वाचून म्हणाला, "शेवटची ओळ लिहून गिऱ्हाईक घालवतोस." तसं झालं नाही. भाव दुप्पट मिळाला नाही, पण माल परत आणायला लागत नाही, आणि लोक थांबून वाचतात. एका मावशींनी पाटी वाचून विचारलं, "मग हे खायचं कशाला, औषध नाही तर?" म्हटलं, "मावशी, भाकरी तरी कुठं औषध आहे?" त्यांनी अर्धा किलो घेतला.

त्या काकांनी डॉक्टरला विचारलं. गोळी चालूच आहे. गड्डे आता रोज दोन नेत नाहीत, आठवड्याला तीन नेतात, रसाला नाही तर भाजीला. माझा धंदा तेवढा कमी झाला, चालायचंच.

मित्रांनो, शहरातला माणूस आता भाजीबरोबर माहिती विकत घेतोय. ती माहिती खरी देणं हे आपल्या हातात आहे आणि त्याला एक रुपया खर्च नाही. पुढच्या लागणीला तिसऱ्या टप्प्यात एक ओळ जांभळ्या जातीची लावून तिला दोरे कधी धरतात ते बघणार आहे. कुणी आधी लावली असेल तर किती दिवसांत काढली आणि कोणत्या जमिनीत, ते सांगा. तुमचा अनुभव पुढच्या नोंदीत घेतो.